युद्ध लढायला कारखाने किती लागतात, आणि कोणते?

प्रश्न असा होता: एखाद्या देशाची अर्थव्यवस्था मोठी असेल, हाताशी पैसा असेल, तर शस्त्रंही विकत घेता येतात आणि तंत्रज्ञानही. मग पोलाद, यंत्रं, रसायनं देशातच बनतात की बाहेरून येतात, याने युद्धाच्या निकालात किंवा तंत्रज्ञानाच्या चढाओढीत खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि फार मोठा पडतो. पण तो कुठे पडतो याबद्दलची सर्वसाधारण समजूत मला अपुरी वाटते. माझी नोकरीची सगळी वर्षं फोर्जिंग (तापलेला धातू दाबून घडवणं) आणि मशिनिंगच्या (तो यंत्रावर कापून मापात आणणं) कारखान्यांत उत्पादनाचं नियोजन करण्यात गेली. तिथून पाहिलं की ‘वर्षाला किती नग निघतात’ हा आकडा फारसं काही सांगत नाही. उद्या मागणी दहापट झाली तर तेवढा माल निघायला किती महिने लागतील, हे विचारावं लागतं. त्या महिन्यांवर युद्धं तगली आहेत आणि बुडालीही आहेत. पैसा ओतून ते महिने थोडे कमी होतात, फार नाही.

सर्वांत ताजं उदाहरण तोफगोळ्यांचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर पूर्ण आक्रमण केलं तेव्हा जगातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेली अमेरिका १५५ मिलिमीटरचे गोळे महिन्याला सुमारे १४ हजार बनवत होती. प्रत्यक्ष रणांगणावर एवढे गोळे दोन-तीन दिवसांत संपत. अमेरिकेने २०२५ अखेरपर्यंत महिन्याला १ लाखाचं लक्ष्य ठेवलं, अब्जावधी डॉलर मंजूर केले, तरी २०२५ च्या मध्याला आकडा ४० हजारांच्या आसपास रेंगाळत होता. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये बारा महिन्यांत १० लाख गोळे द्यायचं कबूल केलं. मुदत संपली तेव्हा निम्म्याच्या आसपास पोचले होते. यात पैशाची किंवा इच्छेची कमतरता हे मुख्य कारण नव्हतं.

गोळा बनतो कसा हे पाहिलं की कारण कळतं. पोलादी बिलेट, म्हणजे ठोकळा, भट्टीत लाल तापवायचं, प्रेसखाली भोसकून आणि ओढून पोकळ करायचं, रफ टर्निंग, टोक आवळणं, हीट ट्रीटमेंट, फिनिश टर्निंग, मग बुडाजवळ तांब्याच्या मिश्रधातूचा पट्टा घट्ट दाबून बसवायचा. ही झाली फक्त टरफलाची कहाणी. भरणीचा कारखाना वेगळा. तिथे वितळलेलं स्फोटक ओततात आणि ते ठरलेल्या वेगाने, सावकाश थंड होऊ देतात. घाई केली तर आत पोकळी राहते, आणि पोकळी असलेला गोळा तोफेच्या नळीतच फुटू शकतो. म्हणून क्ष-किरण तपासणी. गोळा फोडणारा फ्यूज तिसऱ्या कारखान्यात, गोळा फेकणारं प्रॉपेलंट चौथ्या, ते पेटवणारा प्रायमर पाचव्या. अमेरिकेत गोळ्यांची टरफलं जिथे घडवली जातात तो पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनचा कारखाना मुळात वाफेच्या इंजिनांच्या दुरुस्तीची रेल्वेची वर्कशॉप होती. तिथे नवे प्रेस बसवता आले. पण गोळ्यात भरायच्या टीएनटी या स्फोटकाचं काय? अमेरिकेने आपल्या भूमीवर टीएनटी बनवणं १९८० च्या दशकातच बंद केलं होतं. त्यात प्रदूषण मोठं, नफा लहान, आणि बाहेर माल स्वस्त मिळत होता. मग पोलंडमधल्या बिडगोश्चच्या एका कारखान्यावर मोठी मदार आली, आणि केंटकीत नव्या टीएनटी कारखान्याचं कंत्राट दिलं गेलं ते नोव्हेंबर २०२४ मध्ये. युरोपात अडलं ते प्रॉपेलंटला लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजपाशी. तो सरकीला चिकटून राहिलेल्या कापसाच्या आखूड तंतूंपासून बनतो, आणि ते तंतू मोठ्या प्रमाणात चीनमधून येत होते.

उत्पादन नियोजन करणाऱ्याला हे चित्र रोजचं आहे. ऑर्डर तिप्पट झाली की सगळे आधी लेथ आणि मिलिंग मशीन मोजतात. अडतं मात्र हीट ट्रीटमेंटच्या एका भट्टीपाशी, नाहीतर डाय (धातूला आकार देणारे साचे) दुरुस्त करणाऱ्या टूलरूमपाशी, जिथे दोनच माणसं हाताने काम करणारी असतात. ती अडचण सोडवली की पुढची उभी राहते. गोळ्यांच्या बाबतीतही तेच झालं: आधी प्रेस, मग स्फोटक, मग प्रॉपेलंट. देशाचं एकूण उत्पन्न या साखळीतल्या सगळ्या कड्यांची बेरीज सांगतं. युद्धात मात्र सर्वांत अरुंद कडी निर्णय करते.

हे काही नवं नाही. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, ब्रिटन जगाचा सावकार होता, समुद्रावर त्याचं राज्य होतं, आणि तरी मार्चमधल्या न्यूव शापेलच्या लढाईनंतर त्याच्या तोफांना गोळे पुरेनात. मे महिन्यात ही गोष्ट वर्तमानपत्रात फुटली, सरकार हादरलं, आणि लॉइड जॉर्ज यांच्याकडे नवं दारूगोळा मंत्रालय आलं. लाखो स्त्रिया कारखान्यांत आल्या. वर्षभरात संख्या जमली. १९१६ मध्ये सोमच्या लढाईआधीच्या आठवड्यात ब्रिटिशांनी सुमारे १५ लाख गोळे डागले. पण त्यातला मोठा हिस्सा फुटलाच नाही. घाईने उभ्या केलेल्या कारखान्यांत फ्यूजचे बारीक भाग नीट जुळत नव्हते. शंभर कारखान्यांत बनलेले भाग एकमेकांत बसायचे तर शंभर ठिकाणची गेजं, म्हणजे माप तपासायची साधनं, एकसारखी लागतात, आणि गेज बनवणारे कारागीर देशात मोजकेच होते. टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेला गेजं तपासायच्या कामाला जुंपावं लागलं. इतिहासात सेनापतींची नावं येतात, गेजांची येत नाहीत. माझ्या मते सोमला जर्मन खंदकांपुढच्या काटेरी तारा शाबूत राहिल्या आणि माणसं मेली, त्यात या न फुटलेल्या गोळ्यांचा वाटा मोठा होता.

त्याच युद्धात जर्मनीची बाजू पाहा, तिथून एक वेगळी गोष्ट दिसते. स्फोटकांना नायट्रेट लागतं आणि तेव्हा ते चिलीच्या वाळवंटातून यायचं. ब्रिटिश नौदलाने वाट अडवली. जर्मनी काही महिन्यांत गुडघे टेकेल असा हिशोब चुकीचा नव्हता. पण फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला होता, कार्ल बॉश यांनी ती प्रक्रिया प्रचंड दाबाखाली कारखान्याच्या मापात आणली, आणि सप्टेंबर १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना खतासाठी सुरू झाला होता. युद्धाच्या केवळ अकरा महिने आधी. त्या अमोनियापासून नायट्रिक आम्ल बनवायची सोय झाली आणि जर्मनी चार वर्षं लढला. तो कारखाना युद्धासाठी उभारलेला नव्हता. शांततेच्या काळातला धंदा, त्यासाठी शिकलेले इंजिनीअर, दाब सहन करणारी पात्रं घडवणारे लोहार, हे सगळं आधीपासून होतं म्हणून काही महिन्यांत दिशा बदलता आली.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेबद्दल जी दंतकथा आहे ती मला नेहमी खटकते. पर्ल हार्बर झालं, आणि रातोरात गाड्यांचे कारखाने विमानं ओतू लागले, असं सांगतात. प्रत्यक्षात घड्याळ डिसेंबर १९४१ च्या बरंच आधी सुरू झालं होतं. १९३९-४० मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनने विमानांच्या आणि इंजिनांच्या मोठ्या ऑर्डरी अमेरिकेत दिल्या, कारखाने वाढवायला आगाऊ पैसे दिले. मे १९४० मध्ये रूझवेल्ट यांनी वर्षाला ५० हजार विमानांचं लक्ष्य जाहीर केलं, आणि जनरल मोटर्सचे अध्यक्ष विल्यम नुडसेन यांना उत्पादनाच्या कामाला आणलं. म्हणजे अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तयारीचं दीड वर्ष तिच्या पदरात होतं.

आणि तरीही विलो रन पाहा. डेट्रॉइटजवळ फोर्ड कंपनीने बी-२४ बॉम्बर विमानांसाठी हा महाकाय कारखाना १९४१ च्या वसंतात बांधायला घेतला. पहिलं विमान १९४२ च्या शरदात निघालं, आणि तासाला एक विमान हा प्रसिद्ध वेग आला १९४४ मध्ये. मधल्या काळात काय चाललं होतं? गाडीचं डिझाइन वर्षभर बदलत नाही, म्हणून फोर्डने कठीण पोलादाच्या महागड्या डाय केल्या. विमानाचं डिझाइन मात्र लढाईतून आलेल्या प्रत्येक अहवालासरशी बदलत होतं, आणि प्रत्येक बदलाला डाय फेकाव्या लागत. शेवटी तोडगा निघाला तो असा: लाइनवर एकच ठरलेलं विमान काढायचं आणि फेरफार दुसऱ्या केंद्रात नेऊन करायचे. कामगारांना राहायला घरं नव्हती, माणसं भराभर सोडून जात होती. जगातला सर्वांत अनुभवी उत्पादक, हवा तेवढा पैसा, आणि पूर्ण वेग यायला तीन वर्षं. बी-२४ विमानं एकूण १८ हजारांहून अधिक बनली, त्यांतली जवळजवळ निम्मी इथे. आकडा अवाढव्य आहे, पण तो येईपर्यंत दुसऱ्या कुणीतरी दम धरणं भाग होतं.

रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमानाच्या इंजिनाची हकीकत उत्पादनाच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. ब्रिटनमधल्या फोर्डला मँचेस्टरजवळ हे इंजिन बनवायला सांगितलं, तेव्हा फोर्डच्या इंजिनीअरांनी ड्रॉइंग पाहून सांगितलं की ही टॉलरन्स (मापात चालणारा कमीजास्तपणा) आम्हाला चालणार नाहीत. रोल्स-रॉइसच्या लोकांना वाटलं, फारच बारीक आहेत म्हणून तक्रार असेल. तक्रार उलटी होती: टॉलरन्स फार सैल होती. रोल्स-रॉइसचे कसबी फिटर प्रत्येक भाग कानस लावून जुळवत. फोर्डच्या लाइनवर कानस लावणारा कुणी नव्हता. कुठलाही पिस्टन कुठल्याही सिलिंडरमध्ये बसलाच पाहिजे. सगळी ड्रॉइंग नव्याने काढावी लागली. त्यानंतर त्या एका कारखान्याने ३० हजारांवर इंजिनं दिली, आणि अमेरिकेत पॅकार्डने ५५ हजारांवर. उत्कृष्ट वस्तू बनवता येणं आणि उत्कृष्ट वस्तू रोज हजारोंनी बनवता येणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरी विद्या कमी मानाची समजली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

वेगाची किंमतही असते. अमेरिकेने युद्धात बांधलेल्या लिबर्टी या मालवाहू जहाजांपैकी पहिलं बांधायला सुमारे आठ महिने लागले, पुढे सरासरी सहा आठवड्यांवर आली, आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे जहाज प्रचारासाठी का होईना पण पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरलं. हे जमलं ते रिव्हेट सोडून वेल्डिंग घेतल्यामुळे, आणि जहाजाचे मोठाले तुकडे बाहेर जोडून मग एकत्र आणल्यामुळे. अशी एकूण २,७१० जहाजं बनली. पण गार पाण्यात काही वेल्डिंगची जहाजं कडकन तडकू लागली. जानेवारी १९४३ मध्ये ‘स्केनेक्टडी’ हे तेलवाहू जहाज धक्क्याला उभं असतानाच जवळजवळ दोन तुकडे झालं. केंब्रिजमध्ये कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं की दोष निव्वळ वेल्डिंगचा नव्हता. ते पोलाद ठरावीक तापमानाखाली ठिसूळ होत होतं, आणि सलग जोडलेल्या पत्र्यात चीर थांबायला जागाच नव्हती. युद्धाने घाई केली, आणि त्या घाईतून धातूंच्या तुटण्याचं शास्त्र पुढे गेलं.

आता तुमच्या प्रश्नातल्या गृहीतकाला सर्वांत मोठा धक्का देणारं उदाहरण. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने १ कोटी ८० लाख टनांच्या आसपास पोलाद बनवलं. १९४२ मध्ये, निम्मा औद्योगिक प्रदेश जर्मनांच्या हाती गेल्यावर, ते ८० लाख टनांवर आलं. जर्मनी आणि तिने व्यापलेला युरोप मिळून त्याच्या तिपटीहून अधिक पोलाद होतं. तरी त्या वर्षी सोव्हिएत कारखान्यांतून २४ हजारांहून अधिक रणगाडे निघाले, जर्मनीच्या कितीतरी पट. कसे?

एक कारण सर्वांना माहीत आहे: १९४१ च्या उत्तरार्धात दीड हजारांवर मोठे कारखाने सुटे करून, रेल्वेत चढवून पूर्वेला नेले गेले. खारकोव्हचा रणगाड्यांचा कारखाना उरल पर्वतातल्या निझनी तागीलला गेला. दुसरं कारण त्याहून जुनं. १९२९ ते १९३२ या काळात डेट्रॉइटच्या अल्बर्ट कान यांच्या वास्तुसंस्थेने सोव्हिएत संघासाठी शेकडो कारखान्यांचे आराखडे केले. स्टालिनग्राड आणि चेल्याबिन्स्कचे ट्रॅक्टर कारखाने त्यातलेच, आणि दोन्हीकडे पुढे रणगाडे बनले. तिसरं कारण माझ्या मते निर्णायक: त्यांनी प्रकार कमी ठेवले. टी-३४ या रणगाड्यात बदल करायची परवानगी मुख्यतः तेव्हाच मिळे, जेव्हा बदलामुळे तो बनवायला सोपा होणार असेल. भाग गाळले, कास्टिंग सोपी केली, आणि एका रणगाड्याला लागणारे मनुष्यतास दोनेक वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आणले. चौथी गोष्ट, अमेरिकेने जवळपास २ हजार रेल्वे इंजिनं पाठवली, त्यामुळे सोव्हिएत कारखान्यांनी इंजिनं बनवणं जवळजवळ थांबवलं आणि ती क्षमता शस्त्रांना दिली. याची किंमत लोकांनी उपासमारीने आणि अमानुष कष्टांनी मोजली, हे विसरून या आकड्यांचं कौतुक करता येत नाही.

जर्मनीने टायगर-१ रणगाडा हे अप्रतिम यंत्र बनवलं. संख्या: १,३४७. टी-३४ चे सगळे प्रकार मिळून ५० हजारांच्या वर गेले. जर्मन सैन्याकडे ट्रकचे आणि सुट्या भागांचे इतके प्रकार होते की रशियाच्या मैदानात एका गाडीचा भाग दुसरीला बसत नसे. आणि त्यांचं पहिलं जेट लढाऊ विमान? कल्पना जगाच्या पुढे, पण निकेल आणि क्रोमियम मिळेना, म्हणून यूमो ००४ इंजिनाचे गरम भाग साध्या पोलादावर लेप देऊन बनवले. इंजिन १० ते २५ तास चाले, मग काढून ठेवावं लागे. जपानमध्ये तर मित्सुबिशीच्या नागोयातल्या कारखान्यातून नवी झीरो लढाऊ विमानं सुटी करून बैलगाड्यांवर लादून विमानतळापर्यंत नेत. तेव्हाच्या हवेतल्या सर्वोत्तम विमानांपैकी एक, आणि कारखान्यापासून धावपट्टीपर्यंत नीट रस्ता नाही. १९४१ मध्ये अमेरिकेचं पोलाद जपानच्या दहापटीहून अधिक होतं. तेलापैकी बहुतांश जपान अमेरिकेकडूनच विकत घेत होता, आणि १९४१ च्या उन्हाळ्यात ते बंद झालं. विकत घेता येतं या भरवशाला हे उत्तर इतिहासाने आधीच दिलेलं आहे.

मात्र कारखाने सगळं ठरवतात असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. १९४० मध्ये फ्रान्सकडे रणगाडे जर्मनीपेक्षा कमी नव्हते, आणि तो सहा आठवड्यांत कोसळला. युद्ध छोटं असेल तर जे कोठारात आहे तेच कामाला येतं. कारखान्याला काम करायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणीतरी रणांगणावर मिळवून द्यावा लागतो. सोव्हिएत संघाला तो वेळ जमिनीच्या विस्ताराने दिला, ब्रिटनला इंग्लिश खाडीने, अमेरिकेला दोन महासागरांनी. व्हिएतनाममध्ये अमेरिकेची उत्पादनशक्ती निर्विवाद होती. पण उत्तर व्हिएतनामचे शस्त्रांचे कारखाने सोव्हिएत संघात आणि चीनमध्ये होते, जिथे बॉम्ब टाकणं शक्य नव्हतं. म्हणजे परक्या कारखान्यांवर युद्ध लढता येतं, पण मग त्या परक्याच्या मर्जीचा हिशोब रोज करावा लागतो. युक्रेनही याच अवस्थेतून गेला. २०२४ पर्यंत त्याने स्वतः वर्षाला दहा लाखांहून अधिक ड्रोन जोडण्याची क्षमता उभी केली. हे फार मोठं काम आहे. पण मोटरी, मॅग्नेट आणि कितीतरी इलेक्ट्रॉनिक भाग चीनमधून येतात, आणि रशियाही तिथूनच घेतो.

तंत्रज्ञानाच्या चढाओढीकडे वळताना एक गोष्ट आधी स्पष्ट करतो: शोध लावणारा देश आणि शोधाचा फायदा घेणारा देश पुष्कळदा वेगळे असतात. रडार लहान आणि अचूक करणारा कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी चालवून दाखवला. ब्रिटनला तो हवा तेवढा बनवणं शक्य नव्हतं, म्हणून त्याच वर्षी हेन्री टिझर्ड या शास्त्रज्ञांच्या शिष्टमंडळाने तो अमेरिकेला नेऊन दिला. पेनिसिलिनचंही तसंच. शोध लंडनमध्ये, औषध म्हणून सिद्ध झालं ऑक्सफर्डमध्ये, पण मोठ्या टाक्यांत आंबवून टनावारी बनवण्याची रीत बसली ती अमेरिकेत, पिओरियाच्या शेती प्रयोगशाळेत आणि आंबवणीचा धंदा आधीपासून करणाऱ्या औषध कंपन्यांत.

चिपच्या धंद्यात हे आणखी तीव्र होतं. मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये तैवानमध्ये टीएसएमसी सुरू केली, तेव्हा दुसऱ्यांच्या डिझाइनच्या चिप फक्त बनवून द्यायच्या हा विचार अनेकांना हलका वाटला होता. पण दर आठवड्याला हजारो वेफर (चिप ज्यावर छापतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) काढणाऱ्याला रोज चुका दिसतात, यील्ड, म्हणजे चांगल्या निघणाऱ्या चिपचं प्रमाण, रोज थोडं सुधारतं, आणि ही सुधारणा ड्रॉइंगवर लिहून दुसऱ्याला देता येत नाही. अत्याधुनिक चिप ज्या यंत्रावर छापतात ते नेदरलँड्सची एएसएमएल ही एकटीच कंपनी बनवते. त्यात सेकंदाला ५० हजार टिनचे थेंब सोडून प्रत्येकावर लेझर मारतात, त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो. लेझर जर्मनीच्या ट्रुम्फचा, आरसे झाइसचे. हे यंत्र तयार व्हायला वीस वर्षांहून अधिक लागली. अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ पासून चीनवर कडक निर्बंध घातले, आणि हे यंत्र तर चीनला कधी मिळालंच नाही. तरी ऑगस्ट २०२३ मध्ये हुआवेने जो फोन आणला, त्यात चीनमध्येच बनलेली ७ नॅनोमीटर दर्जाची चिप होती; जुन्या पिढीच्या यंत्रांवर पुन्हापुन्हा छपाई करून काढलेली. ती महाग पडत असणार, वाया जाणारा मालही जास्त असणार. माझं मत असं: निर्बंधांनी वेळ नक्की मिळतो. पण त्याच निर्बंधांमुळे चिनी यंत्र-उत्पादकांना हक्काचं गिऱ्हाईक मिळालं, जे त्यांना आधी कधीच मिळालं नव्हतं.

उलट दिशेची साखळी दुर्मिळ मृदा धातूंची. या धातूंपासून बनणारा निओडिमियम मॅग्नेट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये स्वतंत्रपणे शोधला गेला. जनरल मोटर्सने मॅग्नेटचा आपला विभाग १९९५ मध्ये विकला, खरेदीदारांत चिनी कंपन्या होत्या, आणि पुढच्या दहा वर्षांत इंडियानातलं उत्पादन बंद होऊन चीनला गेलं. कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण २००२ मध्ये थांबली. नावाप्रमाणे हे धातू दुर्मिळ नाहीत. खनिज अनेक देशांत आहे. कठीण आहे ते एकमेकांसारख्या धातूंना द्रावणांच्या शेकडो टप्प्यांतून वेगळं करणं, मग धातू, मग मिश्रधातू, मग मॅग्नेट. ती मधली विद्या एका ठिकाणी गोळा झाली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात धातूंवर निर्यात परवाना लावला आणि काही आठवड्यांत अमेरिका-युरोपातल्या काही गाड्यांच्या कारखान्यांना काम थांबवावं लागलं.

मग मोठा आकडा असलेला देश सगळ्यात पुढे का नसतो? चीन २०२४ मध्ये सुमारे १०० कोटी टन पोलाद बनवत होता, जगाच्या निम्म्याहून जास्त. अमेरिका ८ कोटींच्या आसपास. जहाजबांधणीतही निम्म्याहून अधिक टनेज चीनचं. तरी चीनच्या प्रवासी विमानाला, सी-९१९ ला, इंजिन पाश्चात्त्य आहे, आणि १९८० च्या दशकात सुरू झालेलं डब्ल्यूएस-१० हे लढाऊ विमानाचं इंजिन भरवशाचं व्हायला २०१० चं दशक उजाडावं लागलं. टर्बाइनचं पातं त्याच्या धातूच्या वितळणबिंदूहून गरम वायूत फिरतं. ते एकाच स्फटिकाचं ओतावं लागतं आणि आत हवा खेळवणारे बारीक मार्ग ठेवावे लागतात. ही कला टनांनी मोजता येत नाही.

आणि अशी कला विसरलीही जाते. अमेरिकेच्या एका अण्वस्त्रात ‘फॉगबँक’ नावाचा पदार्थ वापरतात. त्याचं उत्पादन बंद झालं, जाणकार निवृत्त झाले. २००० नंतर तो पुन्हा बनवायला घेतला तेव्हा कागदोपत्री सगळं करूनही पदार्थ जमेना. अखेरीस कळलं की जुन्या कच्च्या मालात नकळत एक अशुद्धी येत होती आणि तीच आवश्यक होती. नवी प्रक्रिया ती धुऊन टाकत होती. २०२२ नंतर स्टिंगर क्षेपणास्त्रांचं उत्पादन वाढवताना सत्तरीतल्या निवृत्त इंजिनीअरांना बोलवावं लागलं, ते याच कारणाने. म्हणून एखाद्या देशाची ताकद जोखताना मी पोलादाच्या आकड्याआधी तीन गोष्टी पाहतो: यंत्रं बनवणारी यंत्रं तिथे बनतात का, टूलरूममधल्या कारागिरांचं सरासरी वय काय, आणि मूलभूत रसायनांचे कारखाने अजून चालू आहेत का.

सध्याच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शर्यतीकडेही याच नजरेने पाहावं असं मला वाटतं. चर्चा चिप आणि अल्गोरिदमची होते, पण डेटा सेंटरला वीज लागते. मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी अमेरिकेत दोन ते चार वर्षं थांबावं लागतं. त्याच्या गाभ्याला लागणारं खास विद्युत पोलाद तिथे एकच कंपनी बनवते. वीज जागेवरच बनवायची म्हटलं तर गॅस टर्बाइनच्या ऑर्डरी जगातल्या तिन्ही मोठ्या उत्पादकांकडे पुढच्या कित्येक वर्षांसाठी भरलेल्या आहेत. आणि त्या टर्बाइनची पाती ज्या मोजक्या फाउंड्रींत ओतली जातात, त्यांतल्याच काही फाउंड्री लढाऊ आणि प्रवासी विमानांच्या इंजिनांची पातीही ओततात.